एक दोर खाली राहिला

हुसेनभाई, तुमचा एक दोर अजून समुद्राच्या तळाशीच आहे. बाकीचे सगळे काल उचलले. हा एक सापडला नाही, आणि आता तो कधी सापडेल असं मला वाटत नाही. सहा पिंजरे आहेत त्याला. मी इथे आखातात, बुसैतीनच्या आपल्या खोलीत बसून हे लिहितोय. बाहेर शमाल, उत्तरेचा धुळीचा वारा, सुटलाय, खिडकीच्या फटीतून बारीक धूळ आत येतेय आणि तुमच्या खाटेवर बसतेय. आपल्या बोटीवरच्या सेल्वमने दोनदा झटकली, मग त्यानेही नाद सोडला. वर एवढा वारा, पण खाली तळाला वारा नसतो. तिथे त्या सहा पिंजऱ्यांचं काम शांतपणे चालू असणार.

पिंजरा म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. इथे त्याला गरगूर म्हणतात. तारेचा विणलेला घुमट, माणूस आत बसेल एवढा, आणि त्याला आत निमुळतं होत जाणारं एक तोंड. मासा आत जातो, बाहेर येत नाही. असे सहा पिंजरे एका दोराला बांधून तळाला सोडायचे. दोराला वर तरंगता डबा बांधायचा नाही, कारण डबा दिसला की दुसरी बोट येऊन पिंजरे रिकामे करून जाते. मग चार दिवसांनी बोटीचा तांडेल, इथे त्याला नोखदा म्हणतात, परत तिथेच येतो, लोखंडी आकडा टाकतो, आणि आकड्याला दोर लागतो. पाण्यावर कसलीही खूण नाही. खूण सगळी किनाऱ्यावर असते आणि तांडेलाच्या डोक्यात असते. मशिदीचा मनोरा पाण्याच्या टाकीवर आला, आणि दुसऱ्या बाजूला विजेचा खांब उंच इमारतीपासून हाताच्या एका बोटाएवढा सुटला, की बस, इथेच. ‘बस’ हा तुमचा शब्द. तो ऐकला की मी इंजिन सोडायचो.

तुमचा जन्म कुठल्या सालचा हे तुम्हालाच माहीत नव्हतं. पासपोर्टवर जो होता तो एजंटने घातलेला. त्यामुळे ते सगळं मी सोडून देतो. आजोबा आगबोटीवर कोळसा ओढायचे, तुम्ही रत्नागिरीला ट्रॉलरवर भात शिजवायला लागलात, आणि तिथून सुकाणूपर्यंत आलात, एवढं बास झालं. मी आलो तेव्हा तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणालात, “रायगडचा कोळी ना तू? मग इंजिनावर बस. सुकाणूला हात लावलास तर हात तोडीन.” इतक्या वर्षांत मी लावला नाही. तुमच्या त्या बोलण्याचा मला राग होता, आणि तो मी जपून ठेवला होता. आपण एकमेकांशी किती भांडलो ते जेटीवर कोणालाही विचारा. मीठ जास्त पडलं म्हणून भांडलो, डिझेलवरून भांडलो, गणपतीला मी दोन दिवस सुट्टी मागितली तेव्हा भांडलो आणि मग तुम्हीच जिदहफ्सच्या बाजारातून नारळ आणून दिलेत. पण आपलं मोठं भांडण त्या मशीनचं.

मालकाने बोटीला जीपीएस बसवून दिलं होतं. एक बटण दाबलं की जागा त्यात राहते. तुम्ही त्यावर जुनी लुंगी टाकून ठेवलीत. पलीकडच्या देशाची हद्द किती लांब आहे एवढंच बघायला लुंगी वर करायची, तीही मी. मी म्हणायचो, हुसेनभाई, अहो जग कुठे चाललंय. तुम्ही म्हणायचात, “मशीनमधली जागा कोणाच्याही खिशातून जाते. तो आधीचा खलाशी नाय गेला घेऊन? डोक्यातली कशी नेतील?” मी म्हणायचो, आणि डोकंच गेलं तर? तुम्ही हसायचात. म्हणायचात, “तर पिंजरे काढून मगच जाईन. मी काय पिंजरे टाकून जाणारा माणूस हाय?”

तसे तुम्ही नव्हतातच. गावी सुट्टीला जायचं ठरलं की आधी सगळे दोर वर. एकही खाली ठेवायचा नाही. विमानाचं तिकीट पुढे ढकललंत, पण दोर ठेवला नाहीत. त्याचं कारण मला त्या एका पिंजऱ्याने कळलं होतं. आठवतो? कोणा मेलेल्या की पळालेल्या तांडेलाचा पिंजरा आपल्या आकड्याला लागून वर आला होता. तार गंजून लाल, वर शेवाळाची साय. आत काटेच काटे, थरावर थर. आणि त्या काट्यांच्या ढिगावर एक जिवंत हामूर मासा, तोंड उघडं-मिटं करत पडलेला. मेलेला मासा खायला दुसरा येतो, तो अडकतो, तो मरतो, त्याला खायला तिसरा. तुम्ही हामूर सोडून दिलात. एवढा मोठा हामूर सोडून देणारा तांडेल मी पाहिला नव्हता. म्हणालात, “तांडेल मेला तरी पिंजरा मरत नाय रे. तो मारत राहतो. आणि त्याचा हिशेब वर कोणाच्या नावावर लिहीत असतील, बघ.” त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

आता गेल्या दोन वर्षांकडे येतो.

दोनेक वर्षांपूर्वी तुम्ही अचानक मला शिकवायला लागलात, असं मला वाटलं. इंजिन लावून झालं की हाक यायची, “दामू, वर ये. काय दिसतंय?” मी वैतागायचो. म्हणायचो, समुद्र दिसतोय. “समुद्र मलापण माहिताय. किनाऱ्याचं सांग. डावीकडून सुरू कर.” मग मी सांगायचो. टाकी, मनोरा, मनोऱ्याच्या उजव्या अंगाला नवीन क्रेन, मग उघडं, मग त्या दोन जुळ्या इमारती. “मधे किती?” मी हात लांब करून बोट धरायचो आणि सांगायचो, दोन बोटं. “अजून थोडं चालव. आता?” एक बोट. “आता?” चिकटले. “बस.” आकडा टाकला की दोर लागायचा. मला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतोय. मनातून बरंही वाटायचं. सुकाणूला हात न लावू देणारा माणूस शेवटी मला खुणा शिकवतोय म्हणजे उद्याचा तांडेल मीच, असं मी घरी फोनवर बायकोला सांगूनही टाकलं.

बाकीचं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी नुसता बघत होतो. चष्मा पाण्यात पडला म्हणालात, नवीन केला नाहीत. चहाचा कप आधी बोटाने चाचपायचात. फोनवरचा मेसेज मला वाचायला लावायचात, म्हणायचात, “तू शिकलेला, तू वाच.” जेटीवर कोण आलं ते चपलेच्या आवाजावरून सांगायचात आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. साखर वाढलीय म्हणून डॉक्टरकडे जा म्हटलं की उत्तर एकच, इंशाल्ला.

आणि तो धुळीचा दिवस. मोठ्या जहाजांच्या वाटेवरून आपण आडवे चाललो होतो. हवा पिवळी, नाळेपलीकडे, बोटीच्या पुढच्या टोकापलीकडे, काही नाही. तुम्ही विचारलंत, “काय दिसतंय?” मी म्हटलं, काही नाही, धूळ. तुम्ही म्हणालात, “काय नाय असं नसतं. नीट बघ.” मी म्हटलं, अहो काहीच नाही. तुमची मान एका अंगाला कलली, तुम्ही काहीतरी ऐकलंत आणि सुकाणू असं फिरवलंत की सेल्वम भांड्यांसकट आडवा झाला. मग ती काळी भिंत आमच्या बाजूने गेली. वर बघितलं तर तिला टोकच नव्हतं. ती गेल्यावर सेल्वम कितीतरी वेळ देवाचं नाव घेत होता. मी तुम्हाला म्हटलं, काय नजर आहे हो तुमची. तुम्ही दोन्ही हातांनी सुकाणू धरून उभे होतात. त्या दिवशी आम्ही कोणाच्या भरवशावर त्या वाटेवर होतो, हे आता कळल्यावर अंगावर काटा येतो. रागही येतो. आम्हा दोघांनाही बायकामुलं आहेत, हुसेनभाई. हे तुम्हाला समोर बसवून सुनावायचं होतं. ते आता राहिलं.

मग तो ताप. मला सणकून ताप भरला होता, पण बर्फ भरून झाला होता आणि पिंजऱ्यांना घालायचं खाद्य भिजलं होतं, म्हणून निघालो. मी इंजिन लावलं आणि खाली फळीवर आडवा झालो. डोक्यावर फडकं. वर तुमची हाक आली, “दामू!” मला उठवेना. सेल्वमने सांगितलं असणार, भैया को बहुत बुखार है. मग इंजिन मंद झालं, आणि मी एकामागून एक पिंजरे पाण्यात पडल्याचे आवाज ऐकले. धप्प, आणि मग दोराची सरसर. सहा वेळा. मला झोप लागली असावी, कारण जाग आली तेव्हा बोट गोल फिरत होती. इंजिनावर झोपणाऱ्याला ते अंगानेच कळतं, पाणी एकाच बाजूला खेळत राहतं. गोल, परत गोल. मधेच आकड्याची साखळी खाली गेली, वर आली. परत खाली, परत वर. मग वरून तुमचा आवाज, वेगळाच, कोरडा. “वारा सुटणार. चला परत.”

कसला वारा? मी धडपडत वर आलो तर समुद्र तेलासारखा पडलेला. आकाश स्वच्छ. इतर बोटी आपापल्या जागी काम करत होत्या. ठरलेले जुने दोर उचलायचे होते, ते तसेच ठेवून आपण रिकामे परत आलो. संध्याकाळी बाकीच्या बोटी भरून आल्या आणि जेटीवर लोकांनी आपली टर उडवली. खोलीवर मी तुमच्याशी भांडलो. वारा कुठे आहे, दाखवा मला. तुम्ही खाटेच्या कडेवर बसला होतात. नेहमी तुम्ही एकाला दोन सुनावायचात. त्या दिवशी म्हणालात, “दामू, उद्या बोलू. सगळं सांगतो. तू आधी बरा हो.” मी पाठ फिरवून झोपलो.

ते उद्याचं बोलणं झालंच नाही. सकाळी तुम्ही छाती धरून बसला होतात, आणि तिथून आपण सलमानियाच्या इस्पितळात गेलो. मी तुमच्या शेजारी खुर्चीवर. नळ्या, मशीनचा बारीक टुकटुक आवाज. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे नाही, छताकडे बघत म्हणालात, “दामू, काय दिसतंय?” मला वाटलं तुम्हाला भ्रम झालाय, बोटीवर आहोत असं वाटतंय. म्हटलं, मन राखावं. खिडकीतून बघून सांगायला लागलो. डावीकडे गाड्या लावायची जागा. मग एक खजूर. मग दिव्याचा खांब. तुम्ही विचारलंत, “खजूर आणि खांब, मधे किती?” मी हात लांब केला. खरंच केला, हुसेनभाई, त्या खोलीत, नर्स बघत होती. म्हटलं, एक बोट. तुमचे ओठ हलत होते. मग म्हणालात, “नाय. ही ती जागा नाय.” ते तुमचं शेवटचं बोलणं.

मी घाबरलो ते त्या वाक्याने. तुम्ही गेलात हे कळण्याच्या आधीच घाबरलो होतो.

तुम्हाला इथेच माती दिली. मी कडेने उभा होतो, मला रीत माहीत नव्हती. मालकाने, बुसैतीनच्या आपल्या अबू सालेमने, माझा हात धरून पुढे नेलं आणि मूठभर माती माझ्या हातात दिली. तीन-चार दिवसांनी तोच खोलीवर आला. डोळे लाल. म्हणाला, “दामू, खलास. अपना नोखदा गया, मेरा दिल भी गया. बोट बेचेगा मैं.” मी विचारलं, आणि गरगूर? तो म्हणाला, “गरगूर जाने दो. कौन लाएगा? हुसेन के सिवा किसी को मालूम मफी, कुछ मालूम नहीं.”

त्याच दिवशी भाभींचा फोन आला. गावाहून, तुमच्या घरून. रडून झाल्यावर माणूस जसा बोलतो तसा सपाट आवाज. म्हणाल्या, “दामूभाऊ, त्यांचे पिंजरे उचलले का?” मी म्हटलं, भाभी, ते कुठे आहेत ते हुसेनभाईंनाच ठाऊक. त्या मग म्हणाल्या, “असं कसं? त्यांना दिसत कुठं होतं? दोन वर्षं झाली. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यातून नुसता उजेड. मी म्हणत होते, घरी या. तर म्हणायचे, दामू हाय ना. तो बघतो, मी चालवतो. पोरगी उजवली की येतो.” त्या बोलत होत्या. “चाळिसाव्या दिवसाच्या आत उचला हो ते. त्यांच्या नावावर नका ठेवू. रोज मरतंय तिथं काहीतरी.”

मी अबू सालेमकडे गेलो आणि बोट मागितली. एक दिवस. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, शमाल येणार आहे, दुपारनंतर कोणी बाहेर राहणार नाही. मी म्हटलं, दुपारच्या आत येतो. तो म्हणाला, “यल्ला, ले जाओ. एक रोज. फिर बेच दूँगा.”

काल निघालो. सुकाणूला हात लावला तेव्हा तुमची धमकी आठवली आणि मला रडू आलं, सेल्वमसमोर. समुद्र तसाच तेलासारखा पडलेला, त्या दिवशीसारखाच, आणि उत्तरेला क्षितिजावर एक तपकिरी रेघ. मी किनाऱ्याकडे बघून मनात खुणा जुळवायला लागलो तर एकही जुळेना. नुसत्या इमारती. पाचावर धारण बसली. मग, कसं कोण जाणे, मी मोठ्याने बोलायला लागलो. तुमच्यासाठी बोलायचो तसं. टाकी, मनोरा, क्रेन, उघडं, दोन जुळ्या इमारती. दोन बोटं. एक बोट. चिकटले. आणि तोंडातून ते निघालं की मला कळलं, ही पहिल्या दोराची जागा. पण थांबायचं कधी? ते तर तुम्ही सांगायचात. चिकटले म्हटल्यावर तुम्ही लगेच ‘बस’ म्हणायचा नाहीत, थोडं जाऊ द्यायचात. तेवढ्यात मागून सेल्वम म्हणाला, “बस, भैया.” मराठीचं अक्षर न येणारा सेल्वम. दोन वर्षं आकडा हातात घेऊन तुमच्या ‘बस’ची वाट बघत उभा राहिलेला माणूस, त्याच्या अंगातच ते भिनलेलं. आकडा टाकला. दोर लागला.

असे एकेक करत सगळे वर काढले. आत बरंच मेलेलं होतं, वास सहन होत नव्हता, पण जिवंतही होतं. जे जिवंत होतं ते आम्ही सोडून दिलं. अबू सालेमला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. पिंजरे नाळेवर रचले.

आणि मग सेल्वमने बोटांवर दोर मोजले आणि माझ्याकडे बघितलं. तापाच्या दिवशीचा दोर.

मी त्याला विचारलं, सेल्वम, उस दिन हुसेनभाई ने तुमसे पूछा था, क्या दिखता है? तो म्हणाला, “पूछा था. मैं बोला, बिल्डिंग.” कौनसा बिल्डिंग? “बोला, बहुत बिल्डिंग. वो बोले, ठीक है, डालो.” सेल्वमचा त्यात काय दोष? तो उत्तरेकडच्या त्या तपकिरी रेघेकडे बघत होता, ती आता अर्धं आकाश झाली होती. तेव्हा मला तुमचा वारा कळला, हुसेनभाई. तुम्हाला वाटलं होतं की घड्याळ आणि होकायंत्रावर जमेल. सहा पिंजरे सोडलेत, आणि मग लगेच स्वतःची परीक्षा घेतलीत, परत त्याच जागी येऊन बघितलंत. गोल फिरलात. आकडा टाकलात. परत टाकलात. दोर तुमच्या बोटीखाली होता आणि तुम्हाला मिळत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही पिंजरे टाकून जाणारा माणूस झालात, आणि ते तुमच्याशिवाय कोणालाच कळलं नाही. मला उद्या सांगणार होतात. सलमानियाच्या खिडकीतून तीच जागा शोधत होतात.

आम्ही शोधलं. अंदाजाने फिरलो, तुमच्यासारखेच गोल. आकडा नुसती वाळू घेऊन वर येत राहिला. पहिला झोत आला तेव्हा बोट एकदम कलली, रचलेले पिंजरे खणखणले, आणि सेल्वमने साखळी आत घेतली. किनारा दिसेनासा झाला होता. मी बोट वळवली. परत येताना मीच सेल्वमला विचारत होतो, क्या दिखता है, क्या दिखता है, आणि तो म्हणत होता, कुछ नहीं.

आज सकाळी भाभींना फोन केला. त्यांनी विचारलं, “सगळे आले?” खोटं बोलायची तयारी करून बसलो होतो. तोंडातून खरं आलं. म्हटलं, एक दोर राहिला भाभी, शेवटचा, त्यांनी माझ्याशिवाय टाकलेला. बोट आता विकली जाणार. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला बोल लावतील. त्यांनी समुद्र बघितलाय तो फक्त आपल्या गावचा. तुमची माती बघितली नाही, बोट बघितली नाही. त्या हळूच म्हणाल्या, “तिथून काय दिसतं, दामूभाऊ?”

मी डोळे मिटले आणि डावीकडून सुरुवात केली. टाकी. मनोरा. मनोऱ्याच्या उजव्या अंगाला क्रेन. मग उघडं, तिथे नुसतं पाणी. मग दोन जुळ्या इमारती, मधे दोन बोटं. मग विजेचा खांब, मग तो लांब पूल, मग काहीच नाही. सगळं सांगून झाल्यावर मी थांबलो. फोन चालू होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या बस म्हणाल्या नाहीत, म्हणून मी परत डावीकडून सांगायला लागलो.